तयार कंपोनंट लायब्ररी की स्वतःची: निवड कशी करावी

बटण स्वतः लिहायला एक दुपार पुरते, पण टाइप करून शोधता येणारा ड्रॉपडाउन नीट जमायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे तयार लायब्ररी (म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडचा संच) घ्यावी की स्वतः लिहावे, हा प्रश्न संपूर्ण ॲपसाठी एकदाच न विचारता प्रत्येक कंपोनंटसाठी, म्हणजे स्क्रीनच्या बटणासारख्या प्रत्येक सुट्या भागासाठी, वेगळा विचारावा. आधी सर्व स्क्रीनची यादी करून प्रत्येक कंपोनंटपुढे तो दिसण्यात अवघड आहे की वागण्यात, हे लिहावे. बटण, कार्ड, बॅज (छोटी खूण) खुशाल स्वतः लिहावेत. ड्रॉपडाउन, कॅलेंडर आणि मोठे तक्ते मात्र कीबोर्ड, फोकस (कीबोर्डने सध्या कोणता घटक निवडला आहे ते) व स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) यांचे नियम सांभाळणाऱ्या तयार कोडवर सोपवणे शहाणपणाचे. मोडलसाठी (पानावर उघडून बंद होईपर्यंत बाकी पान अडवणाऱ्या चौकटीसाठी) तर आधी ब्राउझरकडेच पाहावे: त्याचा स्वतःचा डायलॉग घटक मार्च 2022 पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो आणि एस्केपने बंद होणे, मागचे पान निष्क्रिय ठेवणे ही कामे तो स्वतःच करतो.

तयार लायब्ररी दोन जातींच्या असतात. मटेरियल यूआय किंवा अँट डिझाइन रूपासकट मिळतात. कार्यालयातील अंतर्गत कामाच्या ॲपला त्या उत्तम. ग्राहकांसमोर जाणाऱ्या, स्वतःची ठळक ओळख असलेल्या ॲपसाठी मात्र त्यांचे रूप पुसण्यातच इतके श्रम जातात, की रॅडिक्स किंवा रिॲक्ट एरियासारखी केवळ वर्तन देणारी लायब्ररी घेऊन रूप आपण चढवणे स्वस्त पडते. या दोन्हींहून वेगळ्या शॅडसीएनमध्ये कोड थेट आपल्या प्रकल्पात उतरतो. बदलायला सोपा, पण पुढच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, हे आधीच मान्य करून घ्यावे.

दुसऱ्याचा कोड आपल्या नावाने चालतो, याचे भान 25 डिसेंबर 2018 रोजी अनेकांना आले. अँट डिझाइनच्या कोडमध्ये आधीच दडवलेल्या नाताळच्या गमतीमुळे त्या दिवशी असंख्य संकेतस्थळांच्या बटणांवर बर्फ साचलेला दिसला, आणि त्या संकेतस्थळांच्या चालकांना त्याची काहीच कल्पना नव्हती. म्हणून लायब्ररीचे बटण प्रत्येक स्क्रीनवर थेट वापरू नये; त्याभोवती आपला पातळ कंपोनंट लिहून सगळीकडे तोच वापरावा. उद्या लायब्ररी बदलली, तरी दुरुस्ती बहुतांशी एकाच ठिकाणी होते.

निवड पक्की करण्यापूर्वी ॲपमधील सर्वांत अवघड स्क्रीन त्या लायब्ररीत बांधून पाहावी, आणि तीही मराठी मजकूर घालून, कारण इंग्रजी नमुन्यांत सगळेच सुबक दिसते. ठरावीक उंचीच्या चौकटीत ‘मूर्तींची दुरुस्ती’ लिहिले, की वरचे अनुस्वार किंवा खालचे उकार कापले जातात का, ते लगेच कळते. शोधाची कसोटी याहून कडक आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना ही रूपे सारखीच दिसतात, पण अक्षरसंकेतांची जशीच्या तशी तुलना करणारा ड्रॉपडाउन असे गावच नाही म्हणून सांगतो. यावर उपाय म्हणजे तुलनेपूर्वी टाइप केलेला आणि यादीतला असे दोन्ही मजकूर एका रूपात आणणारे आपले फंक्शन तेथे बसवणे. जी लायब्ररी ते बसवू देत नाही, ती या कंपोनंटपुरती बाद करावी.