लेकीची खोली रंगवायची तर आधी भुकटी पुसा

गेल्या दिवाळीआधी लेकीची खोली मी स्वतः रंगवली. दिसायला झकास झाली होती. जानेवारीत तिने शाळेचं वेळापत्रक सेलोटेपने भिंतीला चिकटवलं, आठवड्याभरात ते बदललं म्हणून ओढून काढलं, तर टेपबरोबर तळहाताएवढा पिस्ता रंगही आला. पोपड्याच्या मागून बोट फिरवलं. पांढरी पिठी! लांबी, म्हणजे भिंत सपाट करायची पुट्टी, घासून झाल्यावर मी भिंत पुसलीच नव्हती. पिठीवर लाटलेली पोळी पोळपाटाला चिकटत नाही, तसाच माझा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, भिंतीला चिकटला नव्हता. आता मे महिन्यात ती आजोळी गेली की सगळं पुन्हा. ही यादी मुळात माझ्यासाठी आहे, तुम्हाला उपयोग झाला तर घ्या.

पावसाळ्यात करू नका. दिवाळीच्या तोंडावर दुकानात गर्दी, घरात फराळ, आणि त्या घाईतच माणूस पुसायचं विसरतो.

माप आधी काढा. आमची खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. दारं-खिडक्या वजा जाता भिंती साधारण साडेतीनशे चौरस फूट. इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) लिटरला दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, १२० ते १४० चौरस फूट जातं, म्हणजे तीन लिटर. छताचा पांढरा वेगळा. सगळा रंग एकाच दुकानातून, एकाच वेळी मशीनवर मिसळून घ्या. नंतर आणलेल्या लिटरची छटा किंचित हलली तरी भिंतीवर पट्टा दिसतो. डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण मुलांच्या खोलीत भिंत सारखी ओल्या फडक्याने पुसावी लागते आणि तो हळूहळू फडक्यावरच उतरतो. आणि पोरांच्या हातात अख्खं शेडकार्ड देऊ नका. तुम्हाला चालतील अशा तीन छटा दाखवा आणि त्यातली एक निवडू द्या. आमच्याकडे आधी काळा ठरला होता.

सामान मधोमध ओढा, वर जुन्या चादरी. एमसीबी (वीज तोडायचा खटका) खाली पाडून स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढा. फरशीवर नुसती रद्दी नको, तिच्यातून रंग झिरपतो; खाली प्लास्टिक आणि त्यावर रद्दी. नुसतं प्लास्टिकही नको, त्यावर थेंब ओलेच राहतात आणि आपण ते पायाने घरभर नेतो.

मग भिंत नीट बघा. उशीच्या बाजूला तेल लावलेल्या डोक्याचा गोल डाग असतोच. तो साबणाच्या पाण्याने धुवा, तेलावर रंग धरत नाही. मेणाचे खडू खरवडा. स्केचपेनच्या चित्रांना मात्र हलक्यात घेऊ नका, ती शाई पाण्यातल्या रंगातून वर येते. आमचा एक जांभळा हत्ती दोन हातांनंतरही अंधुक दिसत होता. तेवढ्या भागाला डाग दाबणारा प्रायमर वेगळा लावा. बाथरूमच्या बाजूला ओल असेल तर रंगकाम थांबवा आणि प्लंबरला बोलवा. खिडकीच्या गजांवरचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या रंगात किती असेल ते आपल्याला दिसत नाही आणि लहान मुलांना ते फार वाईट. पाणी लावूनच घासा, मूल घरात नसताना.

आता लांबी. पत्र्याने पातळ दोन थर, जाड एक थर नको, तो तडकतो. रात्रभर वाळू द्या. मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटी २२० ने. नाकाला मास्क, दार बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं.

आणि मग पुसा.

कसं, तेही सांगते, कारण ‘पुसा’ म्हटलं की लोक एकदा झटकतात आणि प्रायमरचा डबा उघडतात. मीही झटकलंच होतं की! आधी कोरड्या मऊ कुंच्याने वरून खाली झाडा, छताच्या कडेपासून. अर्धा तास खोलीबाहेर जा, चहा घ्या. उडालेली भुकटी खाली बसू दे. पंखा लावायचा नाही. घामाघूम झालात तरी लावायचा नाही, पात्यांवरची सगळी भुकटी परत भिंतीवर येते. मग पंख्याची पाती, खिडकीची कड, फरशी पुसून घ्या आणि शेवटी सुती कापड घट्ट पिळून भिंत पुसा. घट्ट पिळून, निथळतं कापड फिरवलं तर लांबी मऊ पडते. बादलीतलं पाणी पांढरं झालं की बदला. भिंत वाळली की काळ्या कापडाचा तुकडा फिरवा. पांढरा उमटला? पुन्हा पुसा. नाही उमटला, तरी कोपऱ्यात आणि खिडकीखाली एकदा फिरवून बघा, माझा पोपडा खिडकीखालचाच होता.

प्रायमरचा एक हात. तो वाळल्यावर खरखरीत लागतो म्हणून हलका पेपर मारतात. त्याचीही भुकटी होते. पुसा. हो, पुन्हा.

यापुढचं सगळ्यांना येतं. आधी छत, मग भिंती; कडा ब्रशने, मधला भाग रोलरने. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, अंदाजाने नको. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. रोलर तोवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. कडेची चिकटपट्टी रंग पुरता वाळायच्या आत काढा. दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतील तर चौकट रंगवू नका.

उरलेला रंग बरणीत, झाकणावर शेडचा कोड. खिडक्या उघड्या. लेक आली तरी चार-पाच रात्री आजीजवळ झोपेल. पलंग भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीवर महिनाभर काहीही चिकटवायचं नाही, सेलोटेप माझ्या कपाटात कुलपात.