कोब्यावर चिकटवलेलं लाकडी फ्लोअरिंग कसं काढायचं (फळ्या सोप्या असतात, गोंद नाही)

समुद्राकाठचं घर आणि जमिनीला चिकटवलेलं लाकूड, यांचं फार काळ जमत नाही. रत्नागिरी घ्या नाहीतर गुहागर, खिडकीतून पावसाची झड आत येत राहिली की फळ्यांच्या कडा वर येतात, टाच आपटली की पोकळ आवाज येतो, आणि मग कोणीतरी सांगतंच की पहार घाल, दिवसात निघेल. निघेल ना, फळी निघेल. खालचा गोंद काय तो सांगणारा येऊन काढणार आहे?

सामान बाहेर, दाराला प्लास्टिक, एन-९५ मास्क, गॉगल, हातमोजे, हे सांगायला नको. फक्त मे महिन्यात सुरुवात करू नका, काम रखडलं आणि पाऊस लागला तर कोबा वाळतच नाही. दिवाळी ते शिमगा हा बरा काळ.

आधी उंबऱ्यापाशी एक तुकडा उखडून फळीची जाडी मोजा. सर्क्युलर सॉचं (विजेवर चालणाऱ्या गोल करवतीचं) पातं त्यापेक्षा १ मिलीमीटर कमी खोल ठेवून फळ्यांना आडवे काप मारा, ६-८ इंचांवर एक. अख्खी फळी उचलायचा हट्ट सोडा. मग भाड्याने रोटरी हॅमर (फिरणारं आणि ठोकणारं ड्रिल मशीन) आणा, रुंद छिन्नी लावा, फिरणं बंद, फक्त ठोकणं चालू, आणि छिन्नी जमिनीला जवळजवळ टेकवून तुकड्याखाली सरकवा. उभी धरली की फळीच्या पाठीला कोब्याचा टवका चिकटून येतो आणि खाली वाटीएवढा खड्डा. असे खड्डे नंतर भरायचे तुम्हालाच आहेत.

आता गोंद. इथे माझीही चांगलीच दमछाक झालेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, गोंद कुठला ते बघा. पांढरा फेविकॉलसारखा असेल तर गरम पाण्यात भिजवलेली फडकी तासभर टाकून ठेवा, मऊ होतो, पत्र्याने खरवडा. पिवळट तपकिरी रबरासारखा असेल तर पाणी काही करत नाही. काळा डांबरासारखा असेल आणि फ्लोअरिंग फार जुनं असेल तर थांबा, जुन्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, त्याला ग्राइंडर लावायचा नाही, सुका खरवडायचाही नाही, आधी तपासून घ्या किंवा आहे तसा वरून झाकून टाका.

रबरी गोंदावर लोक दोन सल्ले हमखास देतात, थिनर आणि हीट गन. थिनर माझ्या मते साफ चूक. गोंद पातळ होऊन कोब्याच्या छिद्रांत मुरतो, मग नवीन टाइलचा ॲडेसिव्ह धरत नाही, आणि वाफ जमिनीलगत साचते, शेजारच्या खोलीत गॅस पेटला तर काय होईल विचार करा. हीट गन कोपऱ्यातल्या एखाद्या डागापुरती ठीक, पूर्ण खोलीत वापरली तर गोंद चिकट च्युइंगम होतो आणि पत्र्याला, चपलेला, सगळीकडे लागतो.

त्यापेक्षा थंडीतल्या पहाटे काम करा. थंड गोंद कडक असतो, धारदार स्क्रॅपरने पापुद्रे निघतात. ऊन चढून तो लोंबायला लागला की वर कोरडी वाळू भुरभुरवा, पातं अडकत नाही. पातं सारखं बदला, बोथट पात्यावर जोर लावून फक्त खांदा जातो.

राहिलेला पातळ थर डायमंड कप व्हीलने (ग्राइंडरला लावायच्या हिऱ्याच्या कणांच्या वाटीसारख्या चकतीने) घासायचा, पण ग्राइंडरला धूळ ओढणारं कव्हर आणि व्हॅक्यूम असेल तरच. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसते. पंखा लावून घासणाऱ्यांना मी हात जोडतो. जाड गोंदावर व्हील लावू नका, लगेच बुजतं. वर नुसतं क्लिकवालं (गोंद न लावता फळ्या एकमेकींत अडकवायचं) फ्लोअरिंग येणार असेल तर गोंदाचे सपाट डाग राहिले तरी चालतं, टाइल लावायची असेल तर अजिबात नाही.

खड्डे भरा, झाडून घ्या. नवीन काही लावायच्या आधी दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून एक दिवस ठेवा, खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल आहे, परत लाकूड चिकटवायचा विचार सोडा.

आणि काढलेले तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालू नका, म्हातारी माणसं मागतातच. गोंद आणि पॉलिशचा धूर घरभर होतो. तालुक्याला कचरा नेणाऱ्या टेम्पोवाल्याला द्या.