रस्त्यावर राहणाऱ्या दिव्यांग माणसाची पेन्शन चालू करायचीय? आधी त्याची पिशवी बघा

पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. खरंच नका काढू. पुलाखाली झोपणाऱ्या माणसाकडे कोणी कागद-पेन घेऊन आलं की त्याच्या डोक्यात पहिलं काय येतं तर भिकाऱ्यांना उचलणारी गाडी, १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे आणि एकदा उचलून नेलेला माणूस ते विसरत नसतो. म्हणून पहिले दोन-तीन वेळा नुसतं जाऊन बसा, चहा घ्या, कुठनं आलात, रात्री कुठं टेकता, एवढंच बोला. पेन्शनचा विषय तर अजिबातच नको, कारण "पेन्शन करून देतो" म्हणणारे तुमच्या आधी भेटून गेलेले असतात. मला भेटलेल्या एका मावशींचं पासबुक आणि एटीएम कार्ड असाच एक एजंट घेऊन बसला होता, महिन्याला पाचशे रुपये आणून द्यायचा आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचा.

ओळख झाली की मग पिशवी. रस्त्यावरच्या बहुतेक माणसांकडे एक पिशवी असतेच जी ते उशाखाली घेऊन झोपतात. ती त्यांनाच उघडू द्या, आपण हात घालायचा नाही. एका काकांनी त्यांची उघडली तेव्हा आधी गोणपाट, मग कॅरीबॅग, मग दुधाची पिशवी, आणि आत घडीवर शाई उडालेलं एक जुनं डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्या जिल्ह्यातलं मतदान कार्ड आणि आधार नोंदणीची पावती. काका म्हणत होते माझ्याकडं काहीच कागद नाय. त्या तीन कागदांवर पुढचं सगळं काम झालं. तिथल्या तिथं मोबाइलवर फोटो काढून घ्या, पावसाळ्याआधी तर नक्कीच.

आता आधार. "आधार नाही" याचा अर्थ बऱ्याच वेळा "कार्ड हरवलं" असा असतो आणि हे ओळखलं नाही तर दोन-तीन महिने पाण्यात जातात, कारण नव्यानं नोंदणी केली की बोटांचे ठसे आधीच्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज डुप्लिकेट म्हणून रिजेक्ट होतो. म्हणून आधी आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला फोन करा किंवा आधार केंद्रात नेऊन जुना नंबर शोधा, नोंदणीची पावती असेल तर तिच्यावरचा चौदा आकडी नंबर आणि तारीख-वेळ पुरते. खरंच कधीच काढलं नसेल तर नवी नोंदणी फुकट आहे. पत्त्याचं काय, तर महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रासारख्या मान्यताप्राप्त निवाऱ्यात माणूस राहत असेल तर तिथल्या प्रमुखाचं आधारच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. नमुना मात्र तोच हवा, साध्या लेटरहेडवर लिहून नेलं की परत पाठवतात.

ज्यांची बोटं कुष्ठरोगानं झिजलीयत किंवा हातच नाही त्यांना ऑपरेटर "मशीन घेत नाय" म्हणून उठवतो. उठू नका. बायोमेट्रिक एक्सेप्शन नावाची सोय याच लोकांसाठी आहे, ते शब्द तसेच्या तसे म्हणा, नाहीच ऐकलं तर केंद्राच्या सुपरवायझरला भेटा.

मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा यावर नीट विचार करा. ओटीपी, बँकेचे मेसेज, अपंगत्व तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाची तारीख, सगळं त्या नंबरवर येणार आणि रस्त्यावर फोन चोरीला जायला एक रात्र पुरते. मी आधी स्वतःचा नंबर द्यायचो, मग गावाला गेलो आणि एकाची हॉस्पिटलची तारीख तिकडंच गेली. आता निवारा केंद्राचा, नाहीतर त्यांच्या भरवशाच्या माणसाचा नंबर देतो आणि सिम हरवलं तर तोच नंबर परत काढायचा हे दोघांनाही सांगून ठेवतो.

यानंतर दिव्यांग प्रमाणपत्र, आणि माझ्या मते सगळी लढाई इथंच जिंकली किंवा हरली जाते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, त्यातूनच प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, त्यात मानसिक आजार, कुष्ठमुक्त आणि अॅसिड हल्ल्यातले लोकही येतात, म्हणजे फक्त कुबडी-व्हीलचेअरवाले शोधत बसू नका. पेन्शनसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. कार्ड पांढरं आलं तर ४० च्या खाली, पिवळं म्हणजे ४० पासून ८० च्या आत, निळं म्हणजे ८० आणि वर. हॉस्पिटल निवडताना एक गोष्ट फार कामाची आहे: राहत्या जिल्ह्यातलंच हवं असं नाही, ज्या सरकारी दवाखान्यात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत किंवा आधी झालेत तिथंही अर्ज करता येतो. म्हणून तर ते जुनं डिस्चार्ज कार्ड सोन्यासारखं.

तपासणीच्या दिवशी काय होतं बघा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, आठ-दहा वर्षांचा मानसिक आजार, कचऱ्यात बसून स्वतःशी बोलणारे, आदल्या दिवशी आम्हीच त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, धुतलेला शर्ट दिला. डॉक्टरांनी विचारलं काय त्रास होतो. ते ताठ बसून म्हणाले, "काय नाय साहेब, मस्त आहे." जेवण? वेळेवर. झोप? चांगली. तीन मिनिटांत संपलं आणि टक्के आले ४० च्या खाली. चूक डॉक्टरांची नव्हती, चूक आमची होती. माणूस अनोळखी साहेबासमोर स्वतःची अब्रू राखतो, कुणीही राखेल.

म्हणून आता सोबत एक पानभर लिहून नेतो. मानसिक आजाराची टक्केवारी आयडियाज नावाच्या स्केलवर काढतात, त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी घेणं, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, शिवाय आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे. तर तुमचं पान याच चार गोष्टींवर असू द्या. आणि "खूप त्रास आहे" असलं काही लिहू नका, बघितलेलं लिहा. चार महिन्यांत स्वतःहून एकदाही आंघोळ नाही, सांगितलं तरी अंगावर तीन शर्ट, चहावाला आणि मी सोडून कुणाशी बोलत नाहीत, हमालीचं काम दोनदा मिळालं पण पहिल्याच दिवशी निघून आले. चहावाल्याचं म्हणणं पण लिहून घ्या, तो रोज बघतो, आपण आठवड्यातून दोनदा. वाढवून मात्र काही लिहायचं नाही, एकदा खोटं पकडलं गेलं की तुम्ही पुढं नेलेल्या दहाजणांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

हाता-पायाच्या केसमध्येही तेच. "चालता येतं का" ला उत्तर "हो" येतं. किती पावलं, जिना चढता येतो का, संडासला बसता येतं का, हे घरी (म्हणजे फुटपाथवर) आधीच विचारून ठेवा.

उपचारच कधी झाले नसतील तर बोर्डाकडं धावू नका, आधी केसपेपर काढून ओपीडीत दोन-चार फेऱ्या मारा म्हणजे रेकॉर्ड तयार होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बेघर आणि निराधारांना सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क आहे, बीपीएल कार्ड नसलं तरी, त्यामुळे खिडकीवर कार्ड मागितलं तर हे सांगा. टक्के कमी वाटले तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं.

पेन्शन म्हणजे आपल्याकडं मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूमधून. वय १८ ते ६५, दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार, आणि दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये, आधी १,५०० होते. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन पण आहे पण तिला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, ज्याला घरच नाही त्याचं नाव यादीत कुठून येणार.

खरी अट महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाची आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला उगाच आशा लावू नका, स्पष्ट सांगा की यात बसणार नाही, पण यूडीआयडी देशभर चालतं, ते तरी काढून ठेवू. इथंच वाढलेल्यांसाठी पुरावा गोळा करायचा: जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, जुने केसपेपर. आणि मतदार नोंदणी. हे फार लोकांना माहीतच नाही की बेघर माणसाला पत्त्याचा कागद नसतानाही मतदार यादीत नाव घालता येतं, फॉर्म ६ वर झोपायची जागा लिहायची आणि बीएलओ, म्हणजे त्या भागातल्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन, एकापेक्षा जास्त रात्री, माणूस तिथं झोपतो का ते बघतो. त्या रात्री माणूस तिथंच सापडला पाहिजे, म्हणून त्याला आणि शेजारी झोपणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

बँकेत जनधन खातं काढा, ते झिरो बॅलन्सवर चालतं, आणि आधार लिंक करायला विसरू नका कारण पैसे थेट आधारवर जमा होतात. आधार यायला वेळ असेल तर छोटं खातं नावाचा प्रकार आहे, बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा, बस. ते सुरुवातीला १२ महिने चालतं, तेवढ्यात आधार करा. पासबुक-एटीएम त्यांच्याकडंच, तुमच्या कपाटात नको, कितीही चांगल्या मनानं ठेवलंत तरी.

अर्ज दिला की शिक्क्याची पोच घ्याच. "पुढच्या मिटिंगला ठेवू" हे उत्तर मिळणार, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची मिटिंग कधी ते विचारा, वहीत लिहा, त्याच्या दुसऱ्या दिवशी जा. नामंजूर झालं तर कारण लेखी मागा. आणि अडलंच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दिव्यांगांना तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करायचा.

पैसे सुरू झाले की मदत करणारे बहुतेक जण तिथंच सोडतात आणि मग पुढच्या वर्षी पैसे अचानक बंद होतात. कारण हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो आणि रस्त्यावरचा माणूस जागा बदलत राहतो, पाऊस आला की स्टेशनवर, काम चालू झालं की दुसऱ्या पुलाखाली. मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढं दोन जागा लिहितो, एक पावसाळ्यातली आणि एक एरवीची, आणि जानेवारी लागला की ती वही घेऊन निघतो.