जुन्या गाडीचा एसी: गॅस सगळ्यात शेवटी

मामांची काँटेसा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या एसीची एक खोड होती. ठाण्याचा घोडबंदर रोड मोकळा असेल तर हुडहुडी भरवायचा आणि कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की गरम वाफ फेकायचा. वागळे इस्टेटमधल्या एका एसीवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "साहेब, गॅस उडालाय." गॅस भरला. दोन महिन्यांनी परत भरला. तिसऱ्या वेळी मी गाडी घरीच ठेवली, गॅसचा दाब मोजायचा दोन काट्यांचा मीटर आणला आणि स्वतः बघायला बसलो.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. सिस्टिम बंद आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. जुने रबरी होज थोडाफार गॅस झिरपू देतात हे खरं, पण दोन महिन्यांत थंडावा गेला तर कुठेतरी भोक आहे. म्हणून खालचा क्रम पाळा. यातला बराचसा भाग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये करता येतो. गॅस काढणं, व्हॅक्यूम करणं आणि भरणं मात्र यंत्रसामग्री असलेल्याकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून.

१. गाडीत कुठला गॅस आहे ते ओळखा

नव्वदीच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोन थराचं नुकसान करतो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आपल्यासारख्या देशांसाठी शेवटची मुदत १ जानेवारी २०१० होती. त्याच्या जागी गाड्यांमध्ये आर-१३४ए आला. सर्व्हिस पोर्ट, म्हणजे गॅस भरायचं तोंड, बघा: आटे असलेला, टायरच्या व्हॉल्व्हचा थोरला भाऊ वाटावा असा पोर्ट म्हणजे मूळ सिस्टिम आर-१२ची. खटकन बसणाऱ्या कपलरचा पोर्ट असेल तर १३४ए.

पोर्ट जुना म्हणजे आत गॅसही जुनाच, असं मात्र धरून चालू नका. मधल्या वीस वर्षांत कोणी काय भरलंय ते देव जाणे. कोणी "आर-१२सारखाच, पण स्वस्त" असा गॅस देऊ केला तर सिलिंडरवर काय लिहिलंय ते वाचा. असे काही गॅस म्हणजे चक्क प्रोपेन आणि ब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचे सख्खे भाऊबंद. हवा थंड करणारी कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. तिथे तो गळला तर तुम्ही त्याच्यासोबत काचा बंद करून बसलेले असता.

२. वायर आणि क्लच

इंजिन चालू करून एसीचं बटण दाबा. कंप्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) पुलीपुढची चकती, म्हणजे एसीचा क्लच, टक्कन चिकटून फिरायला लागली पाहिजे. ती हलत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच), मग कंप्रेसरजवळची अर्थ वायर तपासा. क्लचच्या वायरवर मल्टिमीटर लावा. तिथे बारा व्होल्ट हवेत. जुन्या वायरिंगच्या गंजलेल्या जोडांमुळे नऊ-दहाच पोचतात आणि क्लच घसरतो. बॅटरीवरून फ्यूजसह थेट लाइन घेऊन रिले टाकला की हे दुखणं जातं.

व्होल्ट बरोबर असूनही क्लच चिकटत नसेल तर चकती आणि पुलीमधली फट फिलर गेजने मोजा. साधारण अर्धा मिलिमीटर ठीक. घासून घासून ती एक मिलिमीटरच्या पुढे गेली की गरम झाल्यावर क्लच सुटतो.

गॅस कमी झाला की प्रेशर स्विच क्लच बंद ठेवतो. तो स्विच वायरीने शॉर्ट करून गाडी चालवणारे महाभाग आहेत. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि मग कंप्रेसर कोरडा घासून मरतो.

३. कंडेन्सर आणि पंखा

माझ्या गाडीचा खरा आजार इथे सापडला. आतली उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरपुढचा कंडेन्सर करतो. वेगात असताना समोरून वारा मिळतो, सिग्नलला सगळा भार पंख्यावर. त्यामुळे "रस्त्यावर थंड, ट्रॅफिकमध्ये गरम" असं लक्षण दिसलं की संशय आधी पंख्यावर घ्या.

वर्तमानपत्राचं अर्धं पान कंडेन्सरसमोर धरा. पंखा चालू असताना ते जाळीकडे ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. माझं पान फडफडत माझ्याच तोंडावर आलं. कोणीतरी पंख्याच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या आणि तो इंजिनाची गरम हवा पुढे ढकलत होता. दोन पिना अदलाबदल केल्या, काम पाच मिनिटांचं. त्यासाठी मी दोनदा गॅसचे पैसे मोजले होते.

दुसरी सोपी चाचणी: गाडी उभी, एसी चालू, आणि कंडेन्सरवर बाटलीने हळूहळू पाणी ओता. थंडावा लगेच वाढला तर गॅस नव्हे, हवा कमी पडतेय. जाळीत अडकलेली माती आणि मेलेले किडे बागेच्या पाइपने, कमी जोराने, आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर लावलात तर जाळीच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, आडव्या होतात. खाडीलगत, कळव्याला किंवा वाशीला गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर फिन्स बोटाने हलकेच चाचपून बघा. खाऱ्या हवेने त्यांचा भुगा होतो, आणि तसं झालं असेल तर धुण्यात अर्थ नाही, कंडेन्सरच बदला.

४. गळती शोधा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन बंद असताना मीटर लावा. आपल्याकडच्या ३० अंशांत दोन्ही काटे दर चौरस इंचाला ९०-१०० पाउंडांच्या आसपास असतील तर आत थोडा तरी द्रव गॅस आहे. किती आहे ते यावरून कळत नाही. वाटीभर असो की घागरभर, दाब तोच दिसतो. काटे खूप खाली असतील तर गॅस जवळपास संपलाय.

गळतीच्या जागी तेलही येतं आणि तेलाला धूळ चिकटते. बॅटरी टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावरून पांढरं फडकं फिरवा. इतर ठिकाणी कोरडी राखाडी धूळ निघेल. माझ्या गाडीत ड्रायर बाटलीकडे (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या बाटलीकडे) जाणाऱ्या होजच्या क्रिम्पवर, म्हणजे दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यावर, काळपट, चिकट, वंगणासारखा डाग आला. तिथे भांड्याच्या साबणाचा घट्ट फेस ब्रशने लावला आणि थांबलो. मिनिटभर काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा तिथेच फुगला.

कंप्रेसरचा शाफ्ट सील क्लचच्या मागे तेल उडवतो, तिथेही बघा. कूलिंग कॉइल दिसत नाही. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचं टोक पाणी जाणाऱ्या नळीपाशी धरायचं.

५. उघडणं आणि बदलणं

उरलेला गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच: द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो, कातडी जागीच गोठते. आर-१२ ज्वाळेत गेला तर विषारी फॉस्जीन तयार होतो, म्हणून जवळपास गॅस वेल्डिंग किंवा सिगारेट नको.

जोड सोडताना नेहमी दोन पाने लावा, एक नट फिरवायला आणि एक पाइप धरायला. एकाच पान्याने जोर केला की ॲल्युमिनियमचा पाइप पिळतो. उघडी तोंडं लगेच प्लॅस्टिक आणि रबर बँडने बांधा, विशेषतः पावसाळ्यात.

आर-१२वरून १३४एवर जायचं असेल तर नुसतं ॲडॉप्टर लावून भागत नाही. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते कोपऱ्यात साचून राहतं. म्हणून कंप्रेसर उलटा करून तेल काढा आणि त्यात एस्टर तेल घाला. प्रमाण कंप्रेसरच्या पट्टीवर असतं. कंडेन्सर, कॉइल आणि होज फ्लश करा, म्हणजे आतून धुवा. कंप्रेसर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक तोटी) आणि ड्रायर यांतून फ्लश घालायचा नाही. सगळ्या ओ-रिंगा नव्या, बहुधा हिरव्या रंगाच्या एचएनबीआर रबराच्या टाका. होजही बॅरियर प्रकारचे, म्हणजे गॅस झिरपू न देणारे, करून घेतलेत तर उत्तम.

ड्रायर बाटली दर वेळी नवीन, १३४एला चालणारी. आतले दाणे ओलावा शोषतात, त्यामुळे तिची बुचं अगदी शेवटी, बसवतानाच काढा. आदल्या दिवशी "तयारी म्हणून" उघडून ठेवली तर ठाण्याच्या हवेत ती रात्रीतच कामातून जाते.

६. नायट्रोजन आणि व्हॅक्यूम

सगळं बसल्यावर रेग्युलेटर लावून नायट्रोजनने १५० पाउंड दाब भरा आणि पुन्हा साबण फिरवा. ऑक्सिजन कधीही नको, तेलाशी स्फोट होतो. पंक्चरवाल्याची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

मग व्हॅक्यूम. हा वेळ फुकट जातोय असं वाटून बरेच जण दहा मिनिटांत पंप काढतात. व्हॅक्यूमचं खरं काम पाणी उकळवून बाहेर काढणं आहे. ३० अंशांना पाणी उकळायचं तर व्हॅक्यूमचा काटा पावणेएकोणतीस इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे, म्हणजे एकोणतीसच्या दिशेने, जायला हवा. तिथे पोचल्यावर किमान पाऊण तास पंप चालू द्या, जुलै-ऑगस्टमध्ये दीड तास. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काट्याकडे बघा. तो परत येत असेल तर मागे फिरा आणि पुन्हा गळती शोधा. राहिलेलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं आणि एसी दर पंधरा मिनिटांनी रुसतो.

७. आता गॅस

वजनावर भरा. आर-१२च्या स्टिकरवर १००० ग्रॅम लिहिलं असेल तर १३४ए ८०० ते ८५० ग्रॅम. जुने कारागीर ड्रायरच्या काचेत बुडबुडे थांबेपर्यंत भरतात. आर-१२ला ते चालायचं, १३४एमध्ये ती काच फसवते आणि गॅस जास्त होतो. इंजिन चालू असताना हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, नळ उघडायचा नाही, सिलिंडर फुटू शकतो.

बाहेर ३२ अंश असताना, इंजिन दीड हजार आरपीएमवर धरून, लो साइड ३०-४० आणि हाय साइड २००-२२५ पाउंड दिसली की बरं चाललंय. हाय साइड २७५च्या पुढे जात असेल तर पुन्हा पंखा बघा. डॅशबोर्डच्या मधल्या झडपेत स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचा. आपल्या दमट हवेत १० अंशांच्या आसपास आलं की मी समाधानी असतो. दाब बरोबर असूनही हवा कोमट असेल तर हीटरचा पाण्याचा नळ नीट बंद होतोय का ते बघा. जुन्या गाड्यांत तो हमखास गळका असतो.

शेवटी गाडीखाली वाका. पाण्याची धार रस्त्यावर पडली पाहिजे. ती पडत नसेल आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाचे मोजे भिजत असतील तर नळी तुंबलीय, जाड दोरी सारून मोकळी करा. आणि बॉनेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: कुठला गॅस, किती ग्रॅम, कुठलं तेल, कोणत्या तारखेला. माझ्या काँटेसात आता अशी चिठ्ठी आहे, आणि तिच्याखाली लाल पेनने: "पंख्याची वायर हलवू नये."