नांगर वर येईना, विंच नुसता गुरगुरे

बेलापूरच्या खाडीतला गाळ एकदा नांगराला धरला की सोडत नाही. आमच्या छोट्या शिडाच्या बोटीवर हाताने साखळी ओढून माझी कंबर गेली, म्हणून १२ व्होल्टचा विंच, म्हणजे साखळी गुंडाळून वर ओढणारी मोटर, बसवला. पठ्ठ्या नुसता गुरगुरायचा. मी मोटरला शिव्या घातल्या. दोष निघाला बारीक वायरीचा, व्होल्टेज वाटेतच पडत होतं! विंचचे ७०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ ६० अँपिअर. बॅटरी मागे, विंच पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकावर. जायचं-यायचं दोन्ही अंतर मोजून जाड केबल टाकली आणि साखळी सरसर वर आली.

ताकदीचा हिशेब मात्र आधीच केला होता: ८ मिमीची ३० मीटर साखळी सुमारे ४२ किलो, नांगर १०, विंच या एकूण वजनाच्या तिप्पट-चौपट ओढणारा. आता नांगर काढताना इंजिन चालू ठेवतो आणि बोट त्यानेच पुढे नेतो, विंचने खेचत नाही.