जुना फोटो सुटा राहील असं भेटकार्ड

आजीची पंचाहत्तरी, आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी, काकांचं सहस्रचंद्रदर्शन. अशा वेळी हाताने केलेल्या कार्डात एखादा जुना फोटो, कुणाच्या हातची चिठ्ठी, साडीचा काठ घालावासा वाटतो. बहुतेक कार्डं बिघडतात ती इथेच, कारण ती वस्तू फेव्हिकॉलने किंवा चिकटपट्टीने कायमची डकवली जाते. काही वर्षांनी फोटोवर पिवळट डाग उमटतात, मागे लिहिलेली नावं वाचायची सोय राहत नाही, आणि कुणाला त्याची प्रत काढायची असेल तर अख्खं कार्ड फाडावं लागतं. म्हणून खालचं कार्ड एकाच नियमावर बेतलं आहे: जे पुन्हा मिळणार नाही त्याला डिंक लागता कामा नये. डिंक लावायचा तो कार्डाच्या कागदाला.

कागद

कार्डाला २५० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कागद घ्या. २०० च्या खालचा कागद खिशाच्या वजनाने लवतो, ३०० च्या वरचा घडीवर तडकतो. आतल्या खिशासाठी आणि मजकुरासाठी १०० ते १२० जीएसएम पुरतो. रंग पांढरा किंवा फिकट बदामी असावा. गडद रंगाचे स्वस्त कार्डपेपर ओल लागली की रंग सोडतात आणि तो थेट फोटोवर उतरतो. पुण्यात हातकागद संस्थेचा कागद मिळतो, बाहेर जयपूरजवळच्या सांगानेरचा मिळतो. सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद वर्तमानपत्राच्या कागदासारखा पिवळा पडत नाही. त्याचा पृष्ठभाग मात्र खडबडीत असतो, त्यामुळे बारीक निबेचं पेन अडतं. कार्ड हातकागदाचं आणि मजकुराचं पान गुळगुळीत कागदाचं, ही जोडी चांगली जमते.

गिरणीतल्या कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने पडलेले असतात. घडी ग्रेनला समांतर आली तर ती सरळ आणि स्वच्छ पडते; आडवी आली तर कडेला कागद फुटतो आणि पांढरे तंतू दिसतात. ओळखायला सोपं आहे. कागद न मोडता एकदा लांबीकडून, एकदा रुंदीकडून हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या वळणाची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा. बाजारात मिळणाऱ्या ए४ कागदाचा ग्रेन बहुधा लांबीला समांतर असतो, आणि आपल्याला हवी असलेली घडी नेमकी त्याला आडवी येते. म्हणून मोठा कार्डशीट आणून हव्या त्या दिशेने कापलेला बरा. हातकागद साच्यातून काढलेला असेल तर त्यात ग्रेन जवळजवळ नसतो, कुठूनही दुमडा.

घडी आणि कणा

कागद २९७ × २१० मिमी कापा, ग्रेन २१० च्या बाजूला समांतर. मधोमध एक घडी घालू नका. आत खिसा, फोटो आणि पान आलं की एका घडीचं कार्ड तोंड वासून उभं राहतं. त्याऐवजी वहीसारखा कणा ठेवा: १४६ मिमी पुढचं पान, ५ मिमी कणा, १४६ मिमी मागचं पान. बेरीज २९७ येते, म्हणजे काही कापून टाकावं लागत नाही.

बाहेरच्या बाजूवर डावीकडून १४६ आणि १५१ मिमीवर पेन्सिलीने बारीक खुणा करा. स्टीलची पट्टी घट्ट धरून संपलेल्या बॉलपेनने किंवा विणकामाच्या सुईच्या टोकाने त्या रेघांवर दोनदा दाब द्या. खाली जाडसर वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हवा. टणक टेबलावर खाच पडतच नाही. खाच बाहेर आणि तिचा उंचवटा आत राहील अशी घडी घाला. उलट घातली तर बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात आणि दोनतीनदा उघडल्यावर कड फाटते. घडी नखाने घासू नका, चकाकीचा पट्टा उमटतो. मध्ये साधा कागद धरून चमच्याच्या पाठीने दाबा.

साडीचा काठ

चांगली साडी कापू नका, हे आधी. विरलेली, घड्यांवर फाटलेली इरकल किंवा नारायणपेठ असेल तिचाच काठ घ्यावा, नाहीतर खणाच्या चोळीचा उरलेला तुकडा. शिंप्याकडे अशा चिंध्या सहज मिळतात. जुनं रेशीम पाण्यात घालू नका. रंग जातो का ते पाहायला ओला पांढरा कापूस उलट्या बाजूला मिनिटभर दाबून धरा. कापसाला रंग लागला तर तो तुकडा कार्डाला नको.

कापड थेट कार्डावर चिकटवलं की तीन गोष्टी होतात: फेव्हिकॉल झिरपून वर डाग दिसतो, कडेचे धागे सुटतात आणि कार्ड वाकतं. त्यासाठी आधी कापडाला पाठीमागून साध्या झेरॉक्सच्या कागदाचं अस्तर लावायचं, तेही खळीने. एक चमचा मैदा दोन चमचे गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, चार चमचे गरम पाणी घाला आणि मंद आचेवर सतत ढवळा. पांढरट रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवा, गाळा, गार करा. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, आंबूस वास आला की फेका. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरात मुलं असतात, आणि एवढ्याशा कामाला त्याची गरजही नाही.

खळ कागदाला लावा, कापडाला नाही. थर पातळ हवा. ओली चकाकी जाईपर्यंत थांबा, मग इस्त्री केलेला काठ त्यावर ठेवा आणि तळव्याने मधून कडेकडे दाबत जा. बोटांनी ओढलं की काठ तिरपा होतो, आणि जरीची रेघ तिरपी झालेली लांबूनही दिसते. वरखाली कोरे कागद घालून रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी नव्या पात्याच्या कटरने २५० मिमी लांबीची पट्टी कापा. पातं बोथट असेल तर जरीची तार ओढली जाते.

ही पट्टी पुढच्या पानावर कण्यापासून ३० मिमीवर उभी ठेवा, वरून आणि खालून २० मिमी आत मुडपा, फक्त मुडपलेल्या टोकांना फेव्हिकॉल लावा. समोरच्या भागाला काहीच लावायचं नाही. आतून त्या टोकांवर १३६ × २०० मिमीचा १०० जीएसएमचा कागद खळीने बसवा आणि पुन्हा वजनाखाली ठेवा. इथे घाई नडते. ओला कागद आधी फुगतो, वाळताना आकसतो आणि पान आपल्याकडे ओढतो. पूर्ण वाळेपर्यंत सपाट दाबून ठेवलं नाही तर पान पन्हळीसारखं होतं. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, दोन द्या. उद्या काठ हवा असेल तर आतला कागद फाडून तो अख्खा सोडवता येतो.

खिसा आणि कोपरे

मागच्या पानाच्या आतल्या बाजूला फोटोचा खिसा. ४ × ६ इंची फोटो १०२ × १५२ मिमी असतो, म्हणून खिसा ११२ मिमी रुंद आणि ११० मिमी उंच. कागद कापायचा १३६ × १२२: दोन्ही बाजूंना आणि तळाला १२ मिमीची पट्टी जास्त. तळाचे दोन्ही कोपरे पट्टीच्या मापात कापून टाका, नाहीतर तिथे कागदाचे थर जमून गाठ येते. तळाची पट्टी मागे दुमडा. बाजूच्या पट्ट्या मागे दुमडून पुन्हा अर्ध्यावर बाहेर वळवा, म्हणजे ६-६ मिमीची छोटी चुणी तयार होते. डिंक फक्त शेवटच्या ६ मिमीला आणि तळाला. चुणीमुळे दोनतीन फोटो घातले तरी खिसा फुगतो, फाटत नाही. वरच्या कडेला मधोमध २० मिमी रुंदीचा अर्धगोल कापा, तिथून बोटाने फोटो सरकवता येतो. हा अर्धगोल विसरला की माणूस फोटोचा कोपरा चिमटीत धरून ओढतो आणि तो मोडतो.

मजकुराचं पान, ११६ × १८० मिमी, पुढच्या पानाच्या आतल्या बाजूला चार कागदी कोपऱ्यांत अडकवायचं. प्रत्येक कोपऱ्यासाठी ३० × १५ मिमीची पट्टी घ्या. लांब कडेच्या मध्यापासून दोन्ही अर्धे तिरपे खाली दुमडले की त्रिकोण होतो. दुमडलेल्या बाजूला डिंकाचा एकच ठिपका. आधी चारही त्रिकोण पानाच्या कोपऱ्यांत घाला, मग पान जागेवर ठेवून दाबा, आणि १ मिमी ढील राहू द्या. अगदी घट्ट बसवलं तर दमट हवेत पान फुगून मधे उचलतं. खिशात बुडून जाईल अशी एखादी छोटी जुनी छबी असेल तर तिलाही हेच कोपरे चालतात.

लिहायचं काय आणि कशाने

लिहून झाल्यावरच पान कार्डात घालावं, म्हणजे चुकलं तर फक्त पान बदलतं. ओळींत १२ मिमी अंतर ठेवा. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार लागतात. ८ मिमीत दोन ओळी एकमेकींत अडकतात. कठीण पेन्सिलीने रेघ मारायची ती शिरोरेखेची, खालची नको. शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्याने न पसरणारी असावी. चाचणी म्हणून तुकड्यावर लिहा, दहा मिनिटांनी त्यावर पाण्याचा थेंब टाका. जी पसरते ती शाई वापरू नका. वाचणारा सत्तरीच्या पुढचा असेल तर अक्षर ६ मिमीच्या खाली नको.

‘ती. आजीस, शि. सा. न.’ (तीर्थरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार) अशी सुरुवात आजच्या नातवाच्या हातची आली की आजीला नक्की गंमत वाटेल. पुढे मात्र तयार कविता आणि ‘जीवेत शरदः शतम्’ एवढ्यावर भागवू नका, ते हॉलमधल्या प्रत्येक फलकावर असतंच. नेमकं लिहा: कुठल्या सुट्टीत, कुठल्या घरात, कुठला पदार्थ, कुणाला रागावली होती. चार ओळी पुरतात.

मूळ फोटो की प्रत? कुटुंबात मूळ फोटो एकच असेल तर कार्डात प्रतच घाला. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा, म्हणजे ३ × ४ इंची फोटो दुप्पट आकारात ३०० डीपीआयला नीट छापता येतो. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर नखाने उकलू नका. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा. काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चित्रातल्या माणसांची नावं आणि साल मऊ पेन्सिलीने मागे लिहा. मागची बाजू प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही. तेव्हा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ते फोटोबरोबर खिशात ठेवा. बॉलपेन नको, त्याचा वळ समोर उठतो.

टाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. लॅमिनेशन करू नका, ते परत सुटत नाही आणि उष्णतेने जुना फोटो खराब होऊ शकतो. बसचं चकचकीत तिकीट किंवा एटीएमची पावती ठेवायची असेल तर तिची झेरॉक्स ठेवा, उष्णतेवर छापलेली अक्षरं आपोआप पुसट होतात. सुकवलेलं फूल पूर्ण वाळल्यावर वेगळ्या पुडीत घाला. ओलसर मोगरा कागदावर तपकिरी डाग सोडतो. हळदकुंकू पाकिटाच्या कोपऱ्याला लावा, कार्डाला नको. पाकीट सी५ मापाचं, १६२ × २२९ मिमी, कण्यासकट कार्ड त्यात बसतं. टपालाने जाणार असेल तर मागे जाड पुठ्ठा घाला.

आलेली कार्डं ठेवताना

रबरबँड आधी काढा. तो वितळल्यासारखा होऊन कागदाला चिकटतो. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिनाही काढा, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत त्यांचा गंज एका पावसात उतरतो. कार्डं पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवा, मध्ये कोरा कागद. प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून बंद केली की आतली ओल आतच राहते. खोका माळ्यावर नको, स्लॅबखाली उन्हाळ्यात फार तापतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. पाऊस संपला की ऑक्टोबरात एक दिवस पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत उघडी ठेवा. उन्हात ठेवली तर शाई उडते.

कसर लागल्याची खूण म्हणजे कागदावर खरवडल्यासारखे चट्टे. तिला खळ आवडते, म्हणून काठाचं कार्ड या वेळी उलटसुलट करून पाहा. कडुलिंबाची पानं ठेवायची तर पूर्ण वाळलेली, कागदाच्या पुडीत. बुरशीचा पांढरा थर दिसला तर लगेच पुसू नका, ओली बुरशी कागदात घासली जाते. ते कार्ड बाकीच्यांपासून दूर ठेवून पूर्ण वाळू द्या, मग नाकावर रुमाल बांधून गच्चीत किंवा खिडकीशी मऊ कुंचल्याने झटका.