सायबर तपासात यायचंय? आधी लॉगमधली वेळ वाचायला शिका

सायबर तपासाच्या कामात येऊ पाहणारी मुलं हमखास विचारतात, "कुठलं टूल शिकू?" मी त्यांच्यापुढे आधी लॉगची, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदींची, एक ओळ ठेवतो.

समजा, बनावट खात्याच्या लॉगिनची नोंद परदेशी कंपनीकडून आली: एक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) आणि वेळ ३ मार्च, १९:१०:३२ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणजे इथे ४ मार्च उजाडून रात्रीचे १२:४०:३२ झालेले. तारीखच बदलली! ही बेरीज न करता, त्या वेळी तो पत्ता कोणाकडे होता हे विचारणारं पत्र मोबाइल कंपनीला गेलं, तर भलत्याच ग्राहकाचं नाव येतं आणि पोलीस निरपराध माणसाच्या दारात उभे राहतात. या कामात मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

दुसरी गोष्ट पोर्ट क्रमांकाची, म्हणजे पत्त्यासोबत प्रत्येक कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाची. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूण आयपी पत्ते सुमारे ४३० कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोर्स पोर्ट (ग्राहकाच्या बाजूचा पोर्ट) नसेल तर वेळ सेकंदापर्यंत बरोबर असूनही हाती नावांची यादीच येते. नोंद मागतानाच पोर्ट मागायचा. हे कळण्यासाठी वायरशार्क हे टूल लावून स्वतःच्याच लॅपटॉपचं ट्रॅफिक, म्हणजे ये-जा करणारा डेटा, पकडा, दुसऱ्याचं अजिबात नको. साइट उघडताना होणारी सिन, सिन-अॅक, अॅक ही कनेक्शन जोडणारी देवाणघेवाण आणि नव्या कनेक्शनला मिळणारा वेगळा पोर्ट डोळ्यांनी बघा.

कायद्याचा कंटाळा करू नका. नोंदी मागवण्याचा अधिकार पोलिसांचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. त्यानंतर ते मिळतीलच याची खात्री नाही, त्यामुळे पत्राला उशीर नको. आलेल्या फाइलचा हॅश (तिचा डिजिटल ठसा) लगेच काढून ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात तो द्यावा लागतो.

आयपीडीआरची, म्हणजे मोबाइल कंपनीकडच्या इंटरनेट वापराच्या नोंदींची, एक्सेल फाइल उघडली की नवखे ग्राहकाच्या नावाकडे धावतात. मी आधी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा क्रमांक, बघतो, कारण फसवणुकीतलं सिम बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाच्या कागदपत्रांवर घेतलेलं असतं. त्या हँडसेटमध्ये याआधी कोणती सिम चालली, रात्री ती कोणत्या टॉवरवर असायची, हे चिकाटीने जुळवत जायचं. त्यातलं एखादं जुनं सिम कित्येकदा घरच्याच कुणाच्या नावावर निघतं.